दहा मीटर, पण कुणाच्या अँटेनाचे?

नमस्कार. ब्लूटूथच्या धोक्यांवर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ब्लूटूथची रेंज जेमतेम दहा मीटर, आपण पेअरिंगला (दोन उपकरणं एकमेकांना जोडायला) ‘हो’ म्हटल्याशिवाय कुणी आत शिरू शकत नाही, आणि ‘ब्लूटूथ कायम बंद ठेवा’ असं लिहून मी लोकांना उगाच घाबरवतोय.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे. मनगटावर स्मार्टवॉच नि कानात इअरबड्स असलेल्या माणसाला हा सल्ला काय कामाचा? ते वाक्य काढून टाकतो. (तसंही आयफोनच्या कंट्रोल सेंटरमधलं बटण दाबून ब्लूटूथ पूर्ण बंद होत नाही, त्यासाठी सेटिंग्जमध्येच जावं लागतं.)

दहा मीटरचं मात्र पटत नाही. दोन्हीकडे साधे फोन असतील तर तो हिशेब ठीक. 2004 मध्ये काही हौशी मंडळींनी बंदुकीसारख्या दांड्यावर अँटेना बसवून दीड किलोमीटरपेक्षा लांबचा फोन गाठून दाखवला होता. फोन तोच, रेंज समोरच्याने वाढवली.

आता पेअरिंग. त्याच वर्षी आलेल्या कॅबिर या ब्लूटूथवरून पसरणाऱ्या फोन-व्हायरसच्या बाबतीत तुमचं शंभर टक्के खरं. फाइल घ्यायला ‘हो’ म्हटल्याशिवाय तो फोनमध्ये येत नसे. पण 2017 मध्ये ब्लूबोर्न नावाचं ब्लूटूथमधल्या त्रुटींचं प्रकरण उघडकीला आलं, त्याला पेअरिंग लागतच नव्हतं. ब्लूटूथ चालू आहे, एवढं पुरे. आणि डिसेंबर 2023 मधली त्रुटी तर मला सगळ्यात बेरकी वाटते. हल्लेखोराचा लॅपटॉप ‘मी कीबोर्ड आहे’ असं सांगायचा आणि अँड्रॉइड फोन तुम्हाला न विचारता त्याला जोडून घ्यायचा. कीबोर्ड म्हणजे फोनच्या लेखी तुमचीच बोटं. ती जे टाइप करतील ते तुम्हीच केलंय, असं तो धरून चालतो.

अँड्रॉइड 11 ते 14 साठी त्यावर पॅच, म्हणजे त्रुटी बुजवणारा अपडेट, आला. 10 आणि त्याआधीच्यांसाठी आलाच नाही. म्हणून अंतर मोजत बसण्यापेक्षा सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. ती दोन-तीन वर्षं जुनी असेल, तर गर्दीच्या ठिकाणी ब्लूटूथ बंद ठेवा. एवढा सल्ला मी ठेवणार आहे.

आणि राजीखुशीने केलेल्या पेअरिंगचं काय? मध्यंतरी जुनी गाडी घेतली. स्क्रीनवर फोनबुक उघडलं तर आधीच्या मालकाची अख्खी यादी समोर: ‘आई’, ‘बॉस नवीन’, ‘डॉक्टर घरचा’. कुणी काही हॅक केलं नव्हतं, पेअर करताना त्यानेच कॉन्टॅक्ट्स घ्यायची परवानगी दिली असणार. मी सगळं पुसलं. माझी आधीची गाडी विकताना माझी यादी पुसली होती का, ते मात्र काही केल्या आठवत नाही.