‘लेडी ऑफ द नाइट’ला दिवसा वास का नसतो

‘लेडी ऑफ द नाइट’ या पांढऱ्या फुलाच्या ऑर्किडबद्दलचा एक मजकूर ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. रोप शेणखताच्या मातीत लावा, सावलीत ठेवा, रोज पाणी घाला. फुलाला वास नसेल तर रोप नकली. आणि ते रात्रभर ऑक्सिजन देतं, म्हणून उशाशी ठेवा. या सल्ल्याने चांगली रोपं मरताहेत, म्हणून लिहिते आहे.

आधी माती. या ऑर्किडचं शास्त्रीय नाव ब्रासाव्होला नोडोसा. मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंत ते झाडांवर, खडकांवर, किनाऱ्याला तर खारफुटीवरही वाढतं. आपल्याकडचं ‘सीतेची वेणी’ हे ऑर्किड आंब्याफणसावर राहतं तसंच. आधार झाडाचा, अन्नपाणी स्वतःचं (म्हणून त्याला बांडगूळ म्हणू नये). मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं. पाणी झटकन शोषायचं आणि वाऱ्यावर सुकायचं, ही त्याची रीत. ओल्या मातीत मुळं कुजतात. माझं पहिलं रोप असंच गेलं. आताचं फळीवर बांधलंय. कुंडीच हवी असेल तर लोणारी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाची सोडणं भरा.

रोज पाणी? मुळांना विचारा. भिजलेली हिरवट दिसतात, सुकली की रुपेरी. रुपेरी झाली की घाला. मे महिन्यात फळीवरच्या रोपाला रोज लागेलही. पावसाच्या झडीत कदाचित आठवडाभर नाही.

सावलीत रोप जगतं, पण फुलायचं नाव घेत नाही. सकाळचं ऊन थेट द्या, दुपारचं जाळीआडून. पेन्सिलीसारख्या जाड पानांवर तांबूस झाक आली तर उजेड भरपूर मिळतोय असं समजा.

‘नकली’ हा आरोप मात्र मला फार लागतो. दुपारी फुलाला नाक लावून लोक रोप टाकून देतात! या फुलाचं परागीभवन करतात रात्री उडणारे, लांब सोंडेचे हॉक मॉथ पतंग. त्यांना अंधारात फूल सापडावं म्हणून पांढरा रंग आणि गंध. पाहुणे झोपलेले असताना गंध कुणासाठी उधळायचा? दिवेलागणीनंतर जवळ जा. आधी लिंबाच्या फुलाची आठवण होते, मग रात्र चढेल तसा वास दाटत जातो.

राहिला ऑक्सिजन. तो प्रकाशातच तयार होतो. जाड पानांची बरीच ऑर्किडं रात्री पानांची छिद्रं उघडतात, ती कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला. उशाशी ठेवायचंच तर वासासाठी ठेवा, आणि सकाळी आठवणीने पुन्हा उन्हात न्या.