गवयाने धावू नये?

‘गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी धावू नये, त्याने श्वास उथळ होतो, गळा कोरडा पडतो, गुडघे जाऊन बैठक मोडते आणि प्रतिभेला लागणारी स्वस्थता हरवते’ अशा आशयाचे म्हणणे संगीताच्या विद्यार्थ्यांमध्ये मोबाइलवरून फिरत असते. त्यात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच ते मुद्द्यागणिक तपासायला हवे.

पहिला मुद्दा श्वासाचा. धावताना श्वास जलद होतो हे खरे, परंतु थांबल्यावर तो पूर्ववत होतो. नियमित धावणाऱ्याच्या शरीरात टिकून राहणारा बदल याच्या उलट असतो. हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते, विश्रांतीतली नाडी मंदावते आणि तेवढ्याच श्रमाला धाप कमी लागते. धावण्याचे समर्थक मात्र ‘फुप्फुसे मोठी होतात, दमसास वाढतो’ असे सांगतात, तेही बरोबर नाही. प्रौढ माणसाच्या फुप्फुसांची धारणक्षमता धावण्याने फारशी बदलत नाही. अतिविलंबित, म्हणजे अतिशय संथ लयीतल्या, एकतालाचे 12 मात्रांचे आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) जवळजवळ मिनिटभर चालते. तिथे श्वास किती भरला यापेक्षा तो किती बेताने सोडला याला महत्त्व असते, आणि तो बेत खर्जाच्या, म्हणजे खालच्या स्वरांच्या, रियाजातूनच येतो. क्षयाने एक फुप्फुस निकामी झाल्यावरही कुमार गंधर्व काय गायले, हे मराठी श्रोत्याला सांगायला नको. मग धावायचे कशासाठी? मैफलीच्या तिसऱ्या तासाला अनेकदा गळ्याआधी पाठ, खांदे आणि एकाग्रता थकते, त्यासाठी. द्रुत लयीत रेला, म्हणजे जलद बोलांची सलग धार, वाजवणाऱ्या तबलजीलाही शरीराची ही शिल्लक उपयोगी पडते.

गळा कोरडा पडतो, हा आक्षेप डिसेंबरातल्या पहाटे तोंडाने श्वास घेत धावणाऱ्याला लागू आहे, पण तो कोरडेपणा तात्पुरता असतो आणि बेताच्या वेगाने, नाकाने श्वास घेत धावल्यास बराच टळतो. खरा ताण जड वजने उचलताना पडतो, कारण तेव्हा श्वास कोंडून स्वरतंतू घट्ट मिटले जातात. व्यायामशाळेविरुद्ध मात्र असा मजकूर सहसा कोणी पुढे पाठवत नाही. भरल्या पोटी धावल्याने आम्ल वर येऊन घसा बिघडू शकतो, आणि वाहनांच्या धुरात धावणे गायकाला घातकच आहे. एवढ्यापुरते आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे मान्य करावे लागते.

गुडघ्यांचे थोडक्यात सांगता येईल. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित आढाव्यात खुबा किंवा गुडघ्याच्या संधिवाताचे प्रमाण हौशी धावपटूंमध्ये 3.5 टक्के, बैठे जीवन जगणाऱ्यांमध्ये 10.2 टक्के आणि स्पर्धात्मक धावपटूंमध्ये 13.3 टक्के आढळले. गुडघे दुखणारे लोक धावणे आधीच सोडतात, हे ध्यानात घेतले तरी हौशी धावण्यानेच गुडघे जातात असा निष्कर्ष यातून निघत नाही.

प्रतिभेचा मुद्दा अधिक नाजूक आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ओपेझो आणि श्वार्ट्झ या संशोधकांनी 2014 साली दाखवले की बसण्यापेक्षा चालताना नव्या कल्पना सरासरी 60 टक्के अधिक सुचतात. हा प्रयोग चालण्याचा होता, धावण्याचा नव्हे. त्यात वस्तूंचे वेगळे उपयोग सुचवायचे होते, बंदिश बांधायची नव्हती. आणि एकच अचूक उत्तर असलेल्या प्रश्नांत चालणारे किंचित मागेच पडले. त्यामुळे ‘धावा, म्हणजे उपज (गाताना ऐनवेळी सुचणारे नवे काही) वाढेल’ असे म्हणता येत नाही. तथापि स्वस्थ बसल्यानेच सुचते, हा दावा त्यापुढे टिकत नाही.

राहता राहिली वेळेची अडचण, जी त्या मजकुरात नसली तरी खरी आहे. पहाट खर्जासाठी राखून संध्याकाळी, गुणगुणता येईल इतक्याच वेगाने धावावे, आणि मैफलीच्या दिवशी फार तर चालून यावे.