जर्सी गाय प्रयोगशाळेत जन्मलेली नाही

"जर्सी ही गायच नव्हे, डुकराचे जनुक घालून परदेशी प्रयोगशाळेत तयार केलेला तो प्राणी आहे, म्हणूनच त्याला वशिंड नाही आणि त्याचे दूध विषारी आहे," असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर पुनःपुन्हा फिरत असतो. "आता गीर गायीचेही क्लोन काढून तिचा वंश बाटवला," ही पुरवणीही त्याला जोडली जाते. दोन-चार संकरित गायींच्या दुधावर ज्यांचे घर चालते, त्यांच्या गोठ्याविषयी हा संदेश संशय पेरतो. म्हणून त्यातले मुद्दे तपासणे मला अगत्याचे वाटते.

डुकराच्या जनुकाचा दावा सनावळीपुढेच टिकत नाही. जर्सी हे फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचे, इंग्लिश खाडीतले लहानसे बेट आहे. बाहेरची गुरे तिथे येऊ नयेत म्हणून 1789 मध्ये कायदा झाला आणि 1866 पासून तिथल्या गायींच्या वंशावळीची नोंदवही ठेवली जाऊ लागली. डीएनएची रचना उलगडली ती 1953 मध्ये, आणि परके जनुक घातलेल्या डुकरांचे व मेंढ्यांचे पहिले प्रयोग प्रसिद्ध झाले ते 1985 मध्ये. काही संदेशांत डुकराशी थेट संकर केल्याचे म्हटलेले असते; तेही गुणसूत्रांच्या, म्हणजे जनुके वाहून नेणाऱ्या धाग्यांच्या, हिशेबात बसत नाही. डुकराची गुणसूत्रे 38 असतात, तर जर्सीची 60, म्हणजे आपल्या खिलारइतकीच; आणि जर्सी-खिलार संकरातून झालेली कालवड पुढे गाभण राहून व्यवस्थित विते. वशिंडाचे म्हणाल तर बिनवशिंडाची युरोपातील गुरे आणि वशिंडाची आपली गुरे या रानटी गुरांच्या दोन निरनिराळ्या शाखा आहेत, आणि माणसाने गुरे पाळायला सुरुवात करण्याच्या कितीतरी आधीच त्या वेगळ्या झाल्या होत्या.

खरा गोंधळ आहे तो संकर (दोन जातींच्या नर-मादीपासून पैदास), क्लोनिंग (एका जनावराच्या पेशीपासून त्याचीच प्रत काढणे) आणि जनुकीय अभियांत्रिकी (जनुके कापणे वा जोडणे) या तीन गोष्टी एकच समजण्याचा. मणिभाई देसाई यांनी 1967 मध्ये उरुळीकांचन येथे 'बाएफ' ही ग्रामविकासाचे काम करणारी संस्था स्थापन केली आणि पुढे गोठित रेतनाद्वारे संकरित गायी गावोगाव पोहोचल्या. हे काम कसे चालते ते शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. गाय माजावर आली की रेतन करणारा कर्मचारी उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनच्या कॅनमधून चिमट्याने एक बारीक कांडी काढतो, ती साधारण 37 अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरतो, पुसून रेतनाच्या गनमध्ये (लांब नळीत) भरतो आणि गाय भरवतो. त्या कांडीत वळूचे वीर्य असते. कोणतेही जनुक कापलेले वा जोडलेले नसते. कालवडीच होण्याची शक्यता वाढवणाऱ्या महाग कांड्यांतही फक्त शुक्राणू निवडून वेगळे केलेले असतात.

दुधाचा मुद्दा ए-1 आणि ए-2 या, दुधातील एका प्रथिनाच्या दोन प्रकारांतील भेदावर उभा आहे. बीटा-केसीन या प्रथिनाच्या साखळीत 67 व्या जागी ए-2 मध्ये प्रोलीन हे अमिनो आम्ल असते, ए-1 मध्ये हिस्टिडीन. हा बदल निसर्गतः झालेला आहे आणि जर्सी गायींत दोन्ही प्रकार आढळतात. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2009 मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा ए-1 दुधामुळे आजार होतात असा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला त्यांना आढळला नाही. त्या दुधाला 'विष' म्हणायला आधार नाही.

आता गीर गायीच्या क्लोनविषयी. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत मार्च 2023 मध्ये 'गंगा' ही कालवड जन्मली. गीर गायीच्या शरीरातील पेशी घेतली, साहिवाल गायीच्या बीजांडातले केंद्रक (जनुके असलेला गाभा) काढून ती पेशी त्याच्याशी जोडली आणि तयार झालेला भ्रूण संकरित गायीच्या गर्भाशयात वाढवला. तीन गायींचा हा सहभाग पाहून 'बाटवले' म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की वंशाचे गुण ठरवणारे केंद्रक गीरचेच राहते. साहिवालकडून येतात ती पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियातील मोजकी जनुके, आणि गर्भ वाढवणाऱ्या गायीकडून एकही नाही. 1996 मध्ये जन्मलेल्या डॉली या क्लोन मेंढीचे तोंड पांढरे होते, तिला जन्म देणाऱ्या मेंढीचे काळे, ते याच कारणाने. उत्तम देशी जनावराचा वंश टिकवण्याचा हा एक मार्ग आहे. त्यात अपयश फार येते, हेही सांगितले पाहिजे: डॉलीसाठी 277 बीजांडांवर ही प्रक्रिया करावी लागली होती, आणि कर्नालचीच 2009 मधली पहिली क्लोन रेडी काही दिवसांतच दगावली. या पद्धतीवर आक्षेप घ्यायचा तर तो इथे घ्यावा.

जनुकीय अभियांत्रिकी जनावरांवर होतेच. रक्त गोठू न देणारे मानवी प्रथिन दुधातून देणाऱ्या शेळ्या तयार झाल्या आणि त्यापासून केलेल्या औषधाला अमेरिकेत 2009 मध्ये मान्यता मिळाली. भारतात मात्र असा प्राणी गोठ्यात आणायचा तर 1989 च्या नियमांनुसार जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीची परवानगी लागते. गावातल्या संकरित गायीचा त्याच्याशी संबंध नाही.

संकरित गायीला ऊन सोसत नाही, गोचीड आणि तापाचे आजार तिला लवकर होतात, तिच्या खोंडांना औताला मागणी नाही आणि या ओघात देवणी, डांगी, लाल कंधारी मागे पडल्या, या तक्रारी खऱ्या आहेत आणि मलाही त्यांची काळजी वाटते. पण त्या मांडायला डुक्कर मध्ये आणावे लागत नाही. गाय भरवताना रिकामी झालेली कांडी फेकून देण्याआधी मागून घ्यावी. वळूची जात आणि क्रमांक तिच्यावर छापलेला असतो.