उकळून नायट्रेट जात नाही, वाढतं

"विहिरीचं पाणी वीस मिनिटं खळखळ उकळा, तुरटी फिरवा, रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवा. नायट्रेट-नायट्राइट सगळं जातं. लहान बाळालाही बिनधास्त द्या." व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा हा मेसेज गोव्यातल्या वाळपईच्या माझ्या भाचीने मला पाठवला. "मामा, असं केलं तर चालेल ना?" तिचं बाळ चार महिन्यांचं. पावडरीचं दूध घरच्या विहिरीच्या पाण्यात कालवतात. नाही, चालणार नाही.

उकळल्याने जंतू मरतात, हे खरं. पण नायट्रेट हा जंतू नव्हे, पाण्यात विरघळलेला क्षार आहे. वाफ पाण्याची होते, क्षार टोपातच राहतो. एक लिटर पाण्यात ६० मिलिग्रॅम नायट्रेट असेल आणि ते आटवून अर्धा लिटर केलं, तर प्रमाण लिटरमागे १२० होतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) मर्यादा ४५ आहे. दुसरं पाणीच नसेल तर पाण्याच्या जडपणाला हे मानक थोडी सूट देतं. नायट्रेटला तीही नाही.

ही सूट का नाही, ते 'बाळालाही द्या' म्हणणाऱ्याने आधी समजून घ्यायला हवं होतं. तान्ह्या बाळाच्या पोटात आम्ल कमी असतं. तिथले जीवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात, आणि नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला असं बदलतं की त्याला प्राणवायू वाहता येत नाही. ओठ, नखं निळी पडतात, रक्त चॉकलेटी दिसतं. वेळेवर उपचार नाही मिळाले तर बाळ दगावू शकतं. अमेरिकेत आयोवातल्या हंटर कॉमली या डॉक्टरने १९४५ मध्येच विहिरीचं पाणी आणि निळी पडलेली बाळं यांचा संबंध दाखवून दिला. तीही बाळं विहिरीच्या पाण्यात कालवलेल्या दुधावरच होती.

तुरटीने गढूळपणा बसतो, नायट्रेट नाही. तांब्याच्या कळशीचंही तेच. मेणबत्तीचा फिल्टर आणि यूव्ही यांचाही उपयोग नाही, आरओ मात्र ते बरंच कमी करतं.

"गोव्यात कारखाने कमी, म्हणून इथलं पाणी शुद्ध" हेही मेसेजात आहे. नायट्रेटला कारखाना लागतो कुठे? कुळागरातलं (सुपारी-नारळाच्या बागेतलं) शेणखत आणि युरिया, गोठा, संडासाचा शोषखड्डा एवढं पुरतं. आपला जांभा सच्छिद्र. खड्ड्यातलं पाणी त्यातून झिरपत विहिरीपर्यंत जातं. आणि घराच्या एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला शोषखड्डा, अशी घरं गावोगाव आहेत. पाणी नितळ दिसतं, कारण नायट्रेटला रंग नाही, वास नाही.

"पालकात पाण्यापेक्षा जास्त नायट्रेट असतं" हे मेसेजातलं वाक्य मात्र बहुतेक खरं, मान्य करतो. मोठ्या माणसांच्या पोटात बरंचसं नायट्रेट भाज्यांतूनच जातं, तांबडी भाजी (लाल माठ) हीही त्यात आली. पण चार महिन्यांच्या बाळाला पालक कोण भरवतं?

भाचीला सांगितलं तेच सगळ्यांना सांगतो. विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या, 'नायट्रेट' असं स्पष्ट सांगून, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा. अहवाल येईपर्यंत बाळाच्या दुधाला विहिरीचं पाणी वापरू नका. नळाचं पाणी एक उकळी आणून घ्या, आटवत बसू नका. बाळाचे ओठ किंवा नखं निळसर दिसली तर थेट इस्पितळात न्या, आणि दूध कोणत्या पाण्यात कालवत होता ते डॉक्टरांना आधी सांगा.