सोपा आहे रे!

आमच्या ग्रुपच्या म्होरक्याच्या तोंडून 'अवघड' हा शब्द आजवर कुणी ऐकलेला नाही. त्याच्या लेखी सह्याद्रीतल्या ट्रेकच्या दोनच जाती: 'सोपा' आणि 'तसा सोपाच'. पहिल्या जातीत जीभ बाहेर येते, दुसरीत आई आठवते.

सुरुवात त्यानं लोहगडापासून केली आणि तिथंच आम्ही गाफील झालो. चांगल्या बांधलेल्या पायऱ्या, एकामागून एक चार दरवाजे, वर विंचूकाटा नावाच्या माचीवर गार वारा. भजी खाऊन संध्याकाळी घरी. ट्रेकिंग ट्रेकिंग म्हणतात ते एवढंच होय, असं आम्ही एकमेकांना सांगत असतानाच त्यानं हळूच पिल्लू सोडलं. "कळसूबाई करायची का? अशीच आहे. जरा उंच, इतकंच."

'जरा उंच' म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रात तिच्याहून उंच काही नाही, एवढी उंच. १६४६ मीटर. हा आकडा त्यानं आम्हाला पायथ्याच्या बारी गावात उतरल्यावर, आणलेली जीप दिसेनाशी झाल्यावर सांगितला.

चढ सुरू झाला तेव्हा सगळे बडबडत होते. थोड्या वेळानं बडबडीची 'हं' झाली, मग नुसत्या माना हलायला लागल्या. आमच्यातल्या एका अभ्यासू मित्रानं एका दगडावर बसकण मारली आणि जाहीर केलं, "उंचीवर ऑक्सिजन विरळ होतो, त्यामुळे असं होतंय." बारीतला कोंबडा आरवलेला तिथं स्वच्छ ऐकू येत होता. तेवढ्यात गावातल्या एक मावशी डोक्यावर पाण्याचा हंडा आणि हातात लिंबांची पिशवी घेऊन आमच्या बाजूनं वर गेल्या. त्यांना वर लिंबूपाण्याचं दुकान मांडायचं होतं. जाता जाता "बसा बसा, दमला असाल," म्हणाल्या. त्यांना धापही लागलेली नव्हती. अभ्यासू मित्र उठला, पण ऑक्सिजनचा मुद्दा त्यानं सोडला नाही.

सह्याद्रीत चढणाऱ्याची खरी फसवणूक माथा करतो. वर बघावं तर आभाळाला टेकलेली कड दिसते. आला माथा, म्हणून जीव खाऊन तिथं पोचावं, तर पुढे एक ऐसपैस सपाटी आणि तिच्या टोकाला तश्शीच दुसरी कड. या प्रकाराचा दोष म्होरक्यावर टाकायची आमची फार इच्छा होती, पण तो ज्वालामुखीचा निघाला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा वाहिला, तो एका झटक्यात नव्हे, थरावर थर चढत. त्यातला कठीण थर झिजता झिजत नाही, त्याचा कडा होतो. मऊ थर झिजतो, त्याची उतरण आणि सपाटी होते. म्हणून आपला डोंगर टप्प्याटप्प्यानं चढतो आणि प्रत्येक टप्प्यावर नवख्याला पुन्हा आशेला लावतो. ही सगळी माहिती म्होरक्यानं आम्हाला तिसऱ्या खोट्या माथ्यावर, एका पायावर उभं राहून, अजिबात न दमता सांगितली. भूगोलाचा इतका राग मला शाळेतही आला नव्हता.

मग वेळेचा प्रश्न. विल्यम नाइस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली याचा हिशेब बांधून ठेवलाय: दर तीन मैलांना एक तास आणि वर दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. जगभरचे ट्रेकर अजून तो वापरतात. हा हिशेब त्यानं धडधाकट माणसांसाठी केला होता, हा तपशील सोडला तर उत्तमच आहे. आमच्या डोंगरात मात्र हिशेबाचं एकच माप चालतं, ते म्हणजे 'आलंच'. वरून उतरणाऱ्या कुणालाही विचारा. पायथ्याशी विचारलं, आलंच. पहिल्या शिडीशी विचारलं, आलंच. शेवटच्या शिडीखाली विचारलं तेव्हा एक काका थांबले, आमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "तुम्हाला वेळ लागेल." एवढं खरं बोलणारा माणूस त्या दिवशी दुसरा भेटला नाही. आम्हाला तो अजिबात आवडला नाही.

शिड्यांबद्दल एवढंच सांगतो की त्या लोखंडी आहेत, भक्कम आहेत, आणि खाली बघू नये.

वर देवीचं लहानसं देऊळ आहे. नवरात्रात इथं आसपासच्या गावांतली माणसं, पोराबाळांसकट, दर्शनाला चढून येतात. आम्ही मात्र ग्रुप फोटोत असे उभे आहोत, जणू हे शिखर पहिल्यांदा आम्हीच शोधून काढलंय.

उतरताना बूट गेला. माझा नाही, अभ्यासू मित्राचा. चांगले महागाचे ट्रेकिंगचे बूट, कित्येक वर्षं खोक्यात, कागदात गुंडाळून जपलेले. ते जपणंच नडलं. या बुटांच्या सोलमध्ये पॉलियुरेथेन नावाचा फोम असतो, तो हवेतल्या दमटपणानं आतल्या आत विरत जातो, बूट वापरा नाहीतर न वापरा. वरून काही कळत नाही. मुरमाच्या घसाऱ्यावर त्यानं पाय रोवला, पाय पुढे गेला, सोल मागे राहिला. त्यानं तो उचलून हातात घेतला आणि त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. फोमचा भुगा बोटांना लागत होता. मग म्होरक्यानं सॅकमधून सुतळी काढली. (याच्या सॅकमध्ये सुतळी असते. म्हणजे काय होणार हे त्याला आधीपासून ठाऊक असतं.) त्यानं सोल बुटाला करकचून बांधला आणि म्हणाला, "आता उतारच आहे. सोपा आहे."

चढताना छाती बोंबलते, उतरताना मांड्या. कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच त्यांना आपलं सगळं वजन आवरून धरावं लागतं. त्याची वसुली दुसऱ्या दिवशी होते. सोमवारी ऑफिसचा जिना मी कठड्याला धरून, उलटा, तोंड भिंतीकडे करून उतरलो. शिपायानं विचारलं, "पडलात का?" म्हटलं, "नाही, चढलो."

इतकं होऊनही आम्ही हरिश्चंद्रगडाला गेलो. पाचनई गावाकडून, म्हणजे तसा सोपाच. केदारेश्वराच्या गुहेत चार खांबांपैकी एकच शाबूत आहे आणि पिंडीभोवती गार पाणी. त्यात उतरून म्होरक्यानं प्रदक्षिणा घातली. आम्ही काठावरूनच मनोभावे हात जोडले. पण त्याचा डोळा होता कोकणकड्यावर. तिथं इंद्रवज्र दिसतं, असं तो पाचनईपासून सांगत आला होता. पाठीशी ऊन, समोर दरीत ढग, आणि त्या ढगावर आपलीच सावली, भोवती सप्तरंगी गोल कडं. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं ते इथूनच पाहिल्याची नोंद आहे. "साइक्सला दिसलं, आपल्याला का नाही दिसणार?"

कारण साइक्सला ऊन मिळालं होतं. आम्हाला नुसते ढग मिळाले. समोर, मागे, सॅकमध्ये, सगळीकडे. कोकणकड्याच्या काठाशी उभं राहायचं नसतं, पालथं पडून सरपटत जायचं आणि फक्त डोकं पुढे काढायचं. तसा मी गेलो. पोटाखाली ओला कातळ, शर्टाच्या बटणांतून आत येणारं पाणी, आणि माझे दोन्ही घोटे अभ्यासू मित्राच्या हातात. त्याचं लक्ष त्याच्या नव्या बुटांकडे जास्त होतं. खालून दरीतला वारा तोंडावर येत होता, त्यावरून खाली दरी असावी. बाकी चुन्याची भिंत बघितली असती तरी एवढंच दिसलं असतं.

मागून म्होरक्या ओरडला, "काय दिसतंय?"

मागे मान वळवून बघितलं. माझ्यानंतर त्याचाच नंबर होता. अंगात कोरडा, इस्त्रीचा टी-शर्ट, जो त्यानं खास कड्यावरच्या फोटोसाठी राखून ठेवला होता.

"अरे, काय नाही दिसत ते विचार!" मी म्हटलं. "झोप लवकर. सोपं आहे."