शिट्टी वाजवणाऱ्या पोराला उलटं बोलू नका

आज कॉलनीची बस करून इगतपुरीच्या बाजूला डोंगरातल्या वॉटर पार्कला जाऊन आलो. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, पोरं गाढ झोपलीत, माझे डोळे अजून चुरचुरतायत आणि तरी मोबाईल घेऊन बसलेय, कारण हे लिहिल्याशिवाय मला झोप लागणार नाही. पार्कचं नाव लिहीत नाही, माझं भांडण त्यांच्याशी नाहीये. बसमधल्या कोणाचंही नाव लिहिणार नाही, ज्याला कळायचं त्याला कळेल.

तिथली सगळ्यात मोठी स्लाईड डोंगराच्या उतारावरच टाकलेली आहे, झाडीतून वळत वळत खाली येते. वर जायला दगडी पायऱ्या, आपण अनवाणी, मे महिन्याचं ऊन, पायाला असे चटके बसतात की वर पोचेपर्यंत अंगावरचं पाणी सुकून गेलेलं असतं. वर एक पोरगा उभा होता, वीस-बावीसचा असेल. उन्हाने काळवंडलेला, टी-शर्टचा पिवळा रंग उडून पार पांढरट झालेला, गळ्यात लाल दोरीला शिट्टी, आणि एक हात कायम स्लाईडच्या तोंडाशी आडवा धरलेला. खालून खूण आली की हात बाजूला, एकाला सोडायचं, परत हात आडवा. सकाळी साडेदहापासून संध्याकाळपर्यंत हेच.

आमच्याच बसमधले एक गृहस्थ साडेतीन-चार वर्षांच्या लेकाला कडेवर घेऊन वर आले आणि म्हणाले, मी याला मांडीवर घेऊन जातो. पोरगा म्हणाला, "नाही साहेब, एकेकट्यानेच जायचं, आणि बाळाची उंची बसत नाही." बस. एवढंच बोलला तो. त्यावर यांचं जे सुरू झालं! पैसे मोजलेत आम्ही, फुकट नाही आलो. तू मला शिकवतो का? माझं पोर आहे, माझी जबाबदारी. मॅनेजरला बोलव तुझ्या. आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य, "तुझी लायकी काय रे?"

अरे लायकी काय म्हणजे? त्या जागेवर उभं राहून नाही म्हणायची हीच त्याची लायकी, त्यासाठीच त्याला तिथे ठेवलाय!

आणि मांडीवर का नाही हे जरा समजून घ्या, कारण रांगेतल्या निम्म्या लोकांना खरंच वाटत होतं की बाप सोबत असला की पोरगं जास्त सेफ. तसं नसतं हो. लहान मूल एकटं घसरलं आणि पाय कडेला अडकला तर ते तिथल्या तिथे थांबतं, त्याचं वजन असं कितीसं. मांडीवर असलं की पाय अडकला तरी मागचं सत्तर-ऐंशी किलोचं अंग थांबत नाही, सगळा जोर त्या इवल्याशा नडगीवर येतो आणि हाड पिळून मोडतं. बागेतल्या साध्या घसरगुंडीवरसुद्धा असं होतं, हाडांच्या कुठल्याही डॉक्टरांना विचारा. इथे तर पाणी सोडलेलं, वेग कितीतरी जास्त, वळणावर हातातून सुटलं तर धरणार कशाला, आणि खाली टाकीत आदळताना बाप पोराच्या अंगावर. हे त्या शिट्टीवाल्या पोराला माहीत होतं. आमच्या साहेबांना माहीत नव्हतं, इथपर्यंत ठीक आहे. पण ज्याला माहीत आहे त्याचं ऐकायला काय जातं?

तिकीट महाग असतं, लॉकरचे वेगळे, आतली पाण्याची बाटली वेगळी, घरच्या दशम्या आणि चटणी गेटवर काढून ठेवायला लावतात, हे सगळं मला मान्य आहे आणि त्याचा मलाही रागच येतो. पण तो राग काढायचा तर तिकीट खिडकीवर काढा ना. रोजंदारीवर उन्हात उभ्या असलेल्या पोरावर कशाला?

आता त्या लेकराचं सांगते, कारण मी अगदी बाजूलाच उभी होते. ते बाळ रडत नव्हतं, पण एका हाताने त्याने बापाच्या मानेला घट्ट धरलेलं आणि दुसऱ्या हाताने रेलिंगचा गार पाईप. दंडावर हवा भरलेले ते केशरी फुगे. पायाची बोटं आवळून घेतलेली. त्या शिट्टीवाल्या पोराने काय केलं माहितीये? एवढ्या शिव्या खात असताना तो खाली वाकला, बाळाला म्हणाला, "ये, तुझी उंची मोजू," आणि भिंतीवरच्या पट्टीशी त्याला उभं केलं. रेघेच्या चांगलं वीतभर खाली होतं ते. पोरगा त्याला म्हणाला, "पुढच्या वर्षी येशील ना, मग मी तुला पहिला सोडतो." बाळ हसलं. बापाला नाही दिसलं ते, तो मागे वळून रांगेतल्या लोकांना आपल्या बाजूने करत होता.

आणि रांग झाली की हो त्याच्या बाजूने! "जाऊ दे रे, एकदा सोड." "बाप आहे ना सोबत." "लाईन थांबलीये इथे, चटके बसतायत." मी बोलले. मी म्हटलं, दादा, तो बरोबर सांगतोय, तुम्ही खाली लहान मुलांच्या पूलमध्ये घेऊन जा त्याला. तर मला उत्तर, "ताई, तुम्ही मध्ये पडू नका." का पडू नको? तिथे माझाही मुलगा रांगेत होता, उद्या माझ्या मुलाच्या वेळी याच पोराने कोणाच्या तरी दमदाटीला घाबरून हात बाजूला घेतला तर?

दुपारी दहाएक मिनिटं लाईट गेली. पंप बंद झाला की वरून येणारं पाणी थांबतं आणि माणूस कोरड्या फायबरवर मध्येच अडकतो, पाठ सोलून निघते, मागून दुसरा आला तर थेट धडकतो. पोराने शिट्टी मारून सगळ्यांना मागे घेतलं, खालून खूण येईपर्यंत कोणाला हलू दिलं नाही. तेव्हाही लोक हुर्यो करत होते त्याची. मला खरंच कळत नाही की आपण नाशिककर एरवी एवढे मवाळ, कोणी पत्ता विचारला तर गाडीवर बसवून सोडून येणारे, मग तिकीट हातात आलं की आपल्याला होतं काय?

आता जे लिहिणार आहे ते काहींना आवडणार नाही, तरी लिहिते. आपल्याकडे दर उन्हाळ्यात पाण्याने पोरं जातात. २०२१ च्या एप्रिलमध्ये वालदेवी धरणावर सहा जणं गेली. २०२४ च्या मे मध्ये भावली धरणात पाच जणं. हसत खेळत फिरायला गेलेली तरुण पोरं. पेपरात वाचून आपण सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, स्टेटस ठेवले. धरणाच्या काठावर कोण असतं शिट्टी वाजवायला? कोणीच नसतं. आणि जिथे एक माणूस त्याच कामासाठी उभा केलेला आहे, तिथे आपण त्याला लायकी विचारतो.

माझा मामेभाऊ पोहायला शिकवतो, त्याने मागे मला सांगितलं होतं, बुडणारं माणूस ओरडत नाही. आपण सिनेमात बघतो तसं वाचवा वाचवा काही नसतं. तोंड पाण्यात जात येत असतं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही तर ओरडणार कधी, हात वर करून हलवायचं बळ नसतं, दोन्ही बाजूंना पाणी दाबत राहतात हात, आणि मिनिटभराच्या आत खेळ संपतो. म्हणून लाईफगार्डला शिकवतात की आपल्या वाट्याचं पाणी दहा सेकंदात नजरेखालून घालायचं आणि काही दिसलं तर पुढच्या वीस सेकंदात तिथे पोचायचं. आता विचार करा, त्या वेळात तुम्ही त्याच्याशी हुज्जत घालत उभे असाल तर तो बघणार कुठे?

लाटांच्या पूलमध्ये हे मी डोळ्यांनी बघितलं. दुसराच एक पोरगा होता ड्युटीला. भोंगा वाजला, लाटा सुरू झाल्या, आणि कमरेएवढ्या पाण्यातली एक पाचवी-सहावीतली मुलगी लाटेने उचलून खोलात गेली. मी तिच्याकडेच बघत होते आणि मला वाटलं ती उड्या मारतेय. हा खुर्चीवरून कधी उतरला कळलंच नाही, तिला काखेत धरून बाहेर आणून बसवलं आणि परत आपल्या खुर्चीवर. तिची आई हाताच्या अंतरावर रील काढत होती. तिने थँक्यू म्हटलं नाही, कारण काय झालं हेच तिला कळलं नाही.

तीच गोष्ट कपड्यांची. कॉस्च्युमचं भाडं जास्त लावतात हे खरंय, पण नायलॉनचा आग्रह उगाच नसतो. सुती कपडा पाणी पिऊन जड होतो, त्याचे धागे फिल्टरमध्ये जातात, जीन्सच्या चेन आणि बटणांनी फायबरवर ओरखडे पडतात. ओढणी गळ्यात घेऊन स्लाईडवर बसायचं म्हणणाऱ्या बायका मी आज बघितल्या, आणि अडवलं तर त्या पोरालाच "आमच्या अंगाकडे बघतो" असं बोलल्या. पाण्याच्या उग्र वासाचंही तेच. सगळे नाक मुरडत होते, किती क्लोरीन टाकलंय म्हणून. तो वास नुसत्या क्लोरीनचा नसतो, आपला घाम आणि लघवी त्यात मिसळून जे तयार होतं त्याचा तो वास, डोळे चुरचुरतात तेही त्यानेच. आधी अंघोळ करून उतरा असा मोठा बोर्ड होता. बसमधल्या किती जणांनी केली?

चारच्या सुमाराला तो वरचा पोरगा पाण्याच्या टाकीपाशी भेटला. टाचा पाण्याने पांढऱ्या पडून उकललेल्या. मी लिंबू सरबत दिलं तर आधी घेईना, मग घेतलं. तिथूनच जवळच्या पाड्यावरचा, लहानपणापासून नदीत पोहलेला, इथे येऊन रीतसर ट्रेनिंग घेतलंय म्हणाला. पाऊस सुरू झाला की घरच्या भाताची आवणी, मग पार्कचं काम बंद. मी म्हटलं, सकाळी फार बोलले रे तुला, वाईट वाटून घेऊ नको. तो म्हणाला, "ताई, रोजचंच आहे. सोडला असता आणि बाळाला काही झालं असतं तर?" तेवढंच बोलून शिट्टी गळ्यात घातली आणि परत पायऱ्या चढायला लागला. मला त्याच्या आईची आठवण आली, जिला मी कधी बघितलंही नाही. कुठल्याशा पाड्यावर असेल, पोरगा पाण्याच्या नोकरीवर आहे म्हणून सांगत असेल सगळ्यांना.

त्या गृहस्थांचंही मला कळतं, अगदीच नाही असं नाही. सातपूरला शिफ्टची नोकरी, रविवार नशिबाने मिळतो, लेकाला मोठी स्लाईड दाखवायची हौस, आणि चारचौघांत नाही ऐकावं लागलं. सकाळी पाथर्डी फाट्यावर सगळ्यांच्या मिसळचे पैसे त्यांनीच दिले, कोणाला देऊ दिले नाहीत. मनाने माणूस वाईट नाही. पण वर मी एक गोष्ट लिहिली नव्हती, आता लिहिते. लायकी विचारून झाल्यावर त्यांनी त्या पोराच्या छातीवर हात ठेवून त्याला ढकललं. पाण्याने निसरडं झालेल्या त्या ओट्यावर, उतार पायाशी असताना. पोरगा एक पाऊल मागे गेला, पाईप धरला, आणि आडवा हात तसाच आडवा ठेवला. उलट एक शब्द नाही. हे सगळं त्या बाळाने बघितलं.

आणि आता रात्री ग्रुपवर मेसेज काय, तर "स्टाफ अत्यंत उर्मट, सगळ्यांनी मिळून गुगलवर एक स्टार द्या, त्या मुलाला कामावरून काढायलाच लावू." खाली अंगठ्यांवर अंगठे. ज्यांनी अंगठे दिले त्यातले निम्मे वर चढलेही नव्हते, सावलीत आइस्क्रीम खात होते! जून तोंडावर आलाय, सीझनचे शेवटचे दिवस, त्यात त्या पोराची रोजी घालवायची? नियम पाळला म्हणून?

मी मघाशीच पार्कच्या ऑफिसला मेल केलाय. साधारण किती वाजता झालं, कोण काय बोललं, कोणी ढकललं आणि कोणी उलट शब्द काढला नाही, सगळं लिहिलंय, खाली माझं नाव आणि नंबर दिलाय. रांगेत माझ्या मागे आपल्या बसमधले अजून तिघं-चौघं होते. तुम्ही सगळं बघितलंय, आणि आत्ता हे वाचताय हेही मला माहितीये. ऑफिस सकाळी नऊला उघडतं. मेल आयडी इनबॉक्समध्ये मागा, त्याच्या आत दोन ओळी तुम्हीही पाठवा.