ग्लॅडवेल, १०,००० तास आणि तुमचा आक्षेप

तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की माल्कम ग्लॅडवेल पत्रकार नाहीच, लोकांचा रिसर्च गोष्टी करून विकणारा माणूस आहे, आणि उस्ताद व्हायला १०,००० तासांचा सराव लागतो हे त्याचं म्हणणं मी माझ्या लेखात डोळे झाकून लिहिलं.

१०,००० तासांचं मान्य, चूक माझी. मानसशास्त्रज्ञ एरिक्सन वगैरेंचा मूळ अभ्यास १९९३ चा, बर्लिनमधे व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा. त्यातल्या सगळ्यात चांगल्या ग्रुपचा विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्याने केलेला रियाज सरासरी १०,००० तासांच्या आसपास होता, सरासरी हां, त्यातले निम्मे तिथवर पोचलेही नव्हते आणि त्या वयात कुणी उस्ताद झालेलं नव्हतं. ग्लॅडवेलच्या २००८ च्या 'आउटलायर्स' या पुस्तकात त्याचा पार नियमच झाला, आणि तसं नाहीये हे पुढे खुद्द एरिक्सनना सांगत बसावं लागलं.

पण पत्रकार नाहीच हे काही पटत नाही. १९८७ पासून ९६ पर्यंत माणूस वॉशिंग्टन पोस्टमधे होता, बिझनेस आणि सायन्स बीट, मग न्यूयॉर्क ब्यूरो चीफ, तिथून न्यूयॉर्कर मासिकात. माझ्या मते खरी अडचण पुस्तकाची आहे. पेपरात चुकलं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापून येते, लाखोंनी खपलेलं पुस्तक मात्र तसंच वर्षानुवर्षं लोकांच्या कपाटात राहतं. २००९ मधे मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकरने दाखवलं की 'आयगेनव्हॅल्यू' हा गणितातला शब्द ग्लॅडवेलने 'इगॉन व्हॅल्यू' असा छापलाय, म्हणजे कानाने ऐकलं तसं लिहिलं, विषयात शिरलाच नाही. मला तर १०,००० तासांपेक्षा हे जास्त लागलं.

आता तुम्ही सोडून दिलेली गोष्ट. २००० च्या 'टिपिंग पॉइंट' या पुस्तकात न्यूयॉर्कमधली गुन्हेगारी घटण्याचं मोठं श्रेय त्याने 'ब्रोकन विंडोज' या विचाराला दिलं, म्हणजे बारीकसारीक गुन्हे सोडायचे नाहीत. पुढे तिथले पोलीस रस्त्यावर लोकांना थांबवून झडत्या घेत सुटले, एकट्या २०११ मधे जवळपास ६ लाख ८५ हजार वेळा, त्यातही बहुतेक काळी आणि लॅटिनो माणसं. २०१३ मधे कोर्टाने हा प्रकार घटनाबाह्य ठरवला, झडत्या एकदम कमी झाल्या तरी गुन्हे काही वाढले नाहीत. २०२४ मधे टेडच्या (TED, भाषणांचा कार्यक्रम) स्टेजवर उभं राहून ग्लॅडवेलने माझं चुकलं म्हणून सांगितलं. फार उशिरा, ज्यांच्या झडत्या झाल्या त्यांना त्याचा काय उपयोग, हे मलाही छळतं. पण इतकं खपलेलं पुस्तक स्वतःच खोडणारा लेखक मला तरी दुसरा पटकन आठवत नाही आणि त्याच्यातला बातमीदार मला तिथे दिसतो.

माझ्या लेखातला १०,००० तासांचा पॅरा आज रात्री बदलतेय, जुना मजकूर खाली तसाच ठेवून. तुमची कमेंट काढू नका.